पेव

मागच्या आठवड्यात थंडी
नदीवरून उठून, घाटाच्या पायऱ्या चढून
सरळ आमच्या परसात आली.
अडत्या दुपारपासून जागचा हलला नव्हता.

अडत्या म्हणजे आमचं कासव.
नाव आण्णांचं. पूर्वी हळदीच्या सौद्यात
रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा,
वर चेहऱ्यावर माशी हलत नसे.
"ह्यो तसलाच," आण्णा म्हणाले,
"आत काय चाललंय, पत्ता लागू देत न्हाई."

मी मिरजेत रात्रपाळी करते, नवजात बाळांच्या वॉर्डात.
काचेच्या पेट्या, पोटाला चिकटवलेली वायर,
छत्तीस पॉइंट पाच.
ऊब मला आकड्यांत कळते.
अडत्याला हळदीच्या काट्यावर ठेवला तर
अकराशे ग्रॅम,
पेटी नंबर चारमधल्या करोलीच्या मुलीएवढाच.
फरक इतकाच की तिच्याकडे स्वतःची थोडी तरी ऊब आहे.
हा सगळी उधारीवर आणतो,
दिवसभर उन्हाकडून, आणि रात्रभर
थेंबथेंब फेडत बसतो.

पोल्ट्रीवाल्याकडून हीटर आणला, उजेड न पडणारा.
पत्र्याच्या खोक्यात वरून टांगला.
त्याच रात्री तीनला लाईट गेली.

आण्णा काही बोलले नाहीत.
सकाळी कुदळ घेऊन लिंबाच्या दक्षिणेला
कमरेएवढं खोल उतरले.
चाळीस वर्षं हरिपूरच्या पेवांत हळद भरलेला माणूस.
पुरानं पेवं गेली, हातातली गेली नव्हती.
भिंतीला शेणमातीचा हात,
तळाला ऊसाचं पाचट, त्यावर हळदीचा वाळका पाला,
वर फळ्या, पत्रा, पत्र्यावर वीतभर माती.
आत जायला तिरकी उतरण, दाराला गोणपाट.
"जमिनीला हिवाळा उशिरा कळतो," एवढंच म्हणाले.

रात्री दोनला मी तारेचा थर्मामीटर आत सोडला.
बाहेर अकरा. आत एकोणीस.
पण माझं मन आकड्यावर थांबणारं नाही.
मागच्या बाजूला दोन बोटांचं एक भोक दिसलं,
तिथून वारा शिरत होता.
कापसाचा बोळा केला, दाबून बसवला.
वीस. वीस पॉइंट तीन.
समाधानानं झोपले.

पहाटे परसात उजेड हलला.
आण्णा, डोक्याला मफलर, गुडघ्यांवर,
गोणपाट बाजूला करून
कंदील आत सोडत होते,
दोरीनं, हळूहळू,
जसा पेवात माणूस उतरवण्याआधी सोडायचा.

मला हसू आलं. एवढंसं बीळ,
त्यात एक कासव, आणि त्याला कंदील.
मग त्यांच्या दुसऱ्या हातात
माझा कापूस दिसला.

पायगोंडाकाकांना मी पाहिलेलं नाही.
घरात फोटो आहे, विशीतला, फेटा किंचित तिरका.
त्या दिवशी घाई होती, गाडी भरायची होती,
कंदील कुणी सोडला नाही.
हे आईनं सांगितलेलं. आण्णांनी कधीच नाही.

आजही नाही सांगितलं.
ज्योत बघत राहिले.
ती नीट उभी होती.
"ऊब कोंडली की तिचं इख हुतं," म्हणाले,
आणि कापूस माझ्या ओंजळीत ठेवला,
थोडा ओला, थोडा मातकट.

मी तारेकडे पाहिलं. अठरा पॉइंट आठ.
काही बोलले नाही.

नऊ वाजता ऊन लिंबाखाली आलं तेव्हा
गोणपाट आतून जरा फुगलं,
मग एक नख,
मग ते म्हातारं, निर्विकार डोकं.
आण्णा चहा पीत होते.
बशी खाली ठेवून
त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
अडत्याच्या पाठीवर अलगद टाकला,
आणि हात आत घातला.

भाव काय ठरला, मला कळलं नाही.