पंधरा अंशांच्या वर

एवाल्डने तळी विकली तेव्हा किल्ल्यांबरोबर
खाद्याच्या कोठीचं दारही माझं झालं.
आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले एकतीस उन्हाळे,
तारीख आणि ओढ्याचं तापमान, बस्स.
लग्न नाही, बायकोचं जाणं नाही.
१४ जुलै, साडेतेरा. १४ जुलै, चौदा.
मी हसले होते तेव्हा. म्हटलं, एकेकाला नाद असतो.

मे महिन्यात मी पिल्लं सोडली,
बोटाएवढी, चाळीस हजार.
युटलंडभर लख्ख ऊन होतं,
शेजारीण म्हणाली, काय छान उन्हाळा लागलाय यंदा.

जुलैत ती पाण्याच्या तोंडाशी जमू लागली,
ओढा चरातून आत येतो तिथे,
श्वास उसना मिळतो का बघायला आल्यासारखी.
अंग काळवंडलेलं, डोळे बाहेर, पोट टम्म.
चार दिवस काही खाल्लं नव्हतं आणि पोट टम्म.
सकाळी जाळीला साठ. दुसऱ्या दिवशी दोनशे दहा.
मग मी मासे मोजायचं सोडून बादल्या मोजू लागले.

एवाल्ड आला, न बोलावता.
म्हणजे, बोलावलं मीच होतं, दोनदा फोन करून,
पण तो असा आला की जणू इथून कधी गेलाच नव्हता.
फळीवर एक मासा उघडला,
आतडी अंगठ्याने बाजूला सारली
आणि कण्याला चिकटून गेलेली लांब पट्टी दाखवली.
असायला हवी काळपट तांबडी, सुरीच्या पात्याइतकी पातळ.
ही राखाडी होती, गाठाळ,
भिजून फुगलेल्या दोरासारखी.
"मूत्रपिंड," तो म्हणाला. "रक्तही इथंच बनतं त्यांचं."
मग कल्ला उचलला. आत सगळं विटलेलं,
शंभरदा धुतलेल्या फडक्यासारखं.

औषध?
त्याने सुरी गवताला पुसली.
खाद्य बंद कर. जाळं टाकू नकोस.
हवेचं चाक रात्रंदिवस फिरू दे.
काठावरून धावू नकोस, तीही धावतात.
पाणी पंधराच्या वर गेलं की हे असंच.
दार वाचलं नाहीस का?

वाचलं होतं. आकडे वाचले होते.
ऑगस्टच्या शेवटाशी दरसाल एक बारीक फुली होती,
ती मला पेन्सिल घसरल्याची खूण वाटली.
तेव्हा सोडायचा तो पिल्लं, उतरत्या पाण्यात.
दुखणं अंगात शिरायचं, पण थंडी त्याला फोफावू द्यायची नाही,
आणि पुढच्या उन्हाळ्याला मासे त्याला ओळखून असायचे.

प्रयोगशाळेतल्या इंगेलिसने बाकीचं सांगितलं.
ओढ्यातल्या वाळुंजाच्या मुळांवर तपकिरी धागे असतात,
ते शेवाळ नव्हे, प्राणी, वस्ती करून राहणारे.
त्यांच्या पोटात हा परजीवी वाढतो,
तिथून गावठी ट्राउटमध्ये जातो, त्याच्या मुतातून परत धाग्यांत.
किती काळ चाललंय हे येणंजाणं, कुणाला माहीत.
आमची ट्राउट मात्र दूरच्या खंडातून आणलेली.
तिच्यात शिरतो तो शिरतोच,
पुढे वाट नाही.
चुकीच्या घरात शिरलेला पाहुणा,
यजमानही मरतो, त्याचंही काही उरत नाही.

मी काहीच केलं नाही मग.
काहीच न करणं इतकं दमवतं हे माहीत नव्हतं.
खुर्ची टाकून बसायचे चाकाच्या आवाजात,
हात मांडीखाली दाबून.

सप्टेंबरच्या एकोणिसाव्याला पाणी तेरा झालं.
उरलेत अकरा हजार आणि काही.
पोटं उतरताहेत, एखाद-दुसरा खाद्याकडे वळतो.
आज जाळी घासताना मुळाचा एक तुकडा निघाला,
मी तो काचेच्या वाडग्यात ठेवला, भिंग धरलं.
धाग्याच्या टोकातून हळूच एक मुकुट उघडला,
पारदर्शक, केसाहून बारीक बोटांचा,
पाणी स्वतःकडे ओढत.
सुंदर होता.
हे मी एवाल्डला सांगणार नाही.
दारावर लिहिलं, १९ सप्टेंबर, तेरा,
आणि वाडगा कुठे रिकामा करायचा या विचारात
अंधार पडेपर्यंत उभी राहिले.