नेपच्यून माझ्याकडे होता

मुलाणी मॅडमनी कडक भाकरी मागवली होती,
एकच, न मोडलेली, पट्टीवर वीस सेंटिमीटर.
वरलक्ष्मीने आणली. तिच्या आईने विचारलं म्हणे,
परीक्षा स्वयंपाकाची आहे काय?

भाकरी खिडकीत टेकवली. हा सूर्य.
मग मॅडमनी रुमालाची गाठ सोडली:
पृथ्वी मोहरी, शुक्रही मोहरीच,
मंगळ राजगिऱ्याचा दाणा, बुध खसखस,
गुरूला अख्खी सुपारी, शनीला जरा बारकी,
युरेनस हरभरा.
गोल बघून निवडलेला एक शेंगदाणा उरला,
आणि शेवटच्या बाकावर मी.

मोजायला सूत. वडिलांच्या कारखान्यातला अर्धवट कोन,
मीटरा-मीटरावर शाईची खूण.
साडेएकवीस मीटरवर पृथ्वी झेंड्याच्या कट्ट्यापाशी थांबली.
तिथून एक डोळा मिटून करंगळी धरली
तर भाकरी नखाआड गेली.
चंद्र कुठे, मॅडम?
मोहरीपासून तीन बोटांवर. माणूस तिथवर गेलाय.
फक्त तिथवर.

सुपारी गेटाबाहेर, पंक्चरवाल्याच्या दारात.
शनी पिठाच्या गिरणीपाशी शिंकत राहिला.
हरभरेवाला कुमठेकर चौकात कंटाळला.
पुढे मी एकटा, ऊन, सूत, शेंगदाणा.

रिक्षाच्या चाकात सूत तुटलं.
"रस्त्यावर काय लावलंय बे हे?"
मी वाकून गाठ मारली, वडिलांनी शिकवलेली,
बोटांना लागते, डोळ्यांना दिसत नाही ती.

सहाशे पंचेचाळीसावी खूण
नेमकी मागांच्या शेडसमोर आली.
आत खडखड. वडील बाहेर आले,
भुवयांवर कापसाची पिंजर.
"शाळा सुटली?"
"नाही. मी नेपच्यून आहे."
त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडून सांगितलं.
मागे वळून पाहिलं तर भाकरी नव्हती,
खिडकी नव्हती, शाळाच नव्हती.

त्यांनी शेंगदाणा चिमटीत धरून फिरवला.
"ह्याच्या पुढं काय?"
काहीच नाही. पुढचा तारा, म्हणजे दुसरी भाकरी,
पावणेसहा हजार किलोमीटरवर.
मला वाटलं, हसतील.
ते सुताकडे बघत ओठांत पुटपुटले,
तेलुगूत, हिशेब ते तेलुगूतच करतात.
"दोन-अडीचशे कोन," म्हणाले,
"चार दिवसांचा माल."
आणि धोटा अडकल्याचा आवाज आला तसे आत गेले.

परतताना सूत गुंडाळत आलो.
चौकाच्या अलीकडे ती गाठ बोटांतून गेली.
वर्गात सूर्याचा एक काठ कुणीतरी मोडला होता,
मॅडम उरलेला शेंगाचटणीबरोबर वाटत होत्या.
सगळ्यांनी आपापले ग्रह रुमालात जमा केले.
माझा खिशात राहिला.
वडिलांच्या बोटांचं तेल लागलेला,
तो मी कुणाला दिला नाही.