नाव दोनदा विचारा

पहाटे सिंदेवाहीहून एसटी पकडली.
झेरॉक्सच्या दुकानाची किल्ली पोराकडे दिली,
म्हटलं, सातबाऱ्याच्या प्रती कुणाला उधार देऊ नको.
मोबाइलवर संपादकांचा निरोप :
प्रशिक्षणास जावे. बातम्याही पाठवाव्यात.

जिल्ह्याच्या सभागृहात नोंदणीचं टेबल.
पदनाम?
बातमी मी लिहितो, जाहिरात मी आणतो,
पोऱ्या आजारी असला की पेपरही मीच टाकतो.
रकाना बोटभर. लिहिलं : वार्ताहर.
अनुभव? तेवीस वर्षं.
यापूर्वीचं प्रशिक्षण?
तिथं आडवी रेघ मारली.
जरा लांबच गेली ती.

हॉल थंडगार. कोरचीचा नैताम
एप्रिलात दुपट्टा कानाला गुंडाळून बसलेला.
मोबाइल आडवा कसा धरायचा,
फोटो खरा की बनवलेला ते कसं ओळखायचं,
माहितीचा अर्ज, अब्रूनुकसानीची कलमं,
आपली झोप, आपलं मन, यावरही एक तास.
नैताम कानाशी म्हणाला,
"मानधनाचा तास कोनता हाय गा?"
चहा येईपर्यंत आम्ही हसत होतो.

दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, डोळे मिटू लागले तेव्हा
शर्वाणी नावाची मुलगी उभी राहिली. आवाज हळू.
फळ्यावर तिनं एवढंच लिहिलं :
नाव दोनदा विचारा.
मग म्हणाली, तुमच्या हातून चुकलेलं एक नाव
कागदावर लिहा. कुणाला दाखवायचं नाही.

पंखे बंद होते,
तरी कागद हलत होते.

मला आठवावं लागलं नाही.
मोहफुलं वेचायला गेलेली बाई, वाघ,
वनखात्याची जीप, वाकून बघणारी माणसं.
गर्दीतून कुणीतरी नाव सांगितलं,
गाडीच्या टाकीवर कागद ठेवून मी लिहून घेतलं :
सिंधू लोनबले.
साडेपाचला पान जाणार होतं.

मेली होती इंदू.
सिंधू तिची जाऊ,
पोराला ताप म्हणून त्या सकाळी घरीच राहिलेली.

खुलाशाला जागा नाही म्हणाले.
मीही दुसऱ्यांदा फोन केला नाही.

समारोपाला प्रमाणपत्र मिळालं :
"श्री. देवानंद गुरुमुले यांनी यशस्वीरीत्या..."
मी गुरनुले.
नैताम म्हणे, बदलून घे.
म्हटलं, राहू दे, हे असंच बरं.

शनिवारी गेलो, नऊ वर्षांनी.
सिंधू ओसरीवर लाखोळी पाखडत होती.
मी कोण ते सांगितलं. सूप थांबलं नाही.

"मेली होती ना मी, पेपरात.
माह्या माहेराहून ट्रॅक्टरभर मानसं रडत आली,
मीच त्याहीले चहा देल्ला."
ती हसली. मीही हसणार होतो.

"इंदूच्या भावानंबी वाचला तो पेपर.
म्हने, आपली नोहे. आन कामावर गेला.
माती होऊन गेल्यावर समजलं त्याले."

सुपातून फोलकटं उडत होती,
माझ्या बुटांवर पडत होती.

वही काढली. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही,
मलाही नीट सांगता आलं नसतं.
संपूर्ण नाव?
"इंदू मारोती लोनबले."
पुन्हा एकदा सांगा.

आता सूप थांबलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या पलीकडे, फाटकाकडे,
आणि मोठ्यानं म्हणाली,
कुणाला आत बोलवावं तसं,
"इंदू."