वजा

आमच्या खोलीत बॅग जोखायची रीत अशी:
आधी बॅग कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं,
आकडा वाचायला कुणाला तरी खाली बसवायचं,
मग बॅग ठेवून नुसतं आपण.
मोठ्यातून छोटं वजा.
उरेल ती बॅग.

एकतीस वर्षं मी असा स्वतःला वजा करत आलो.
तीस किलोवर शंभर ग्रॅम गेले
की साबणाची वडी काढून खिशात.
माझा आकडा मात्र
कुणी कधी लिहून ठेवला नाही.

लिहिला तो शाईनी सिस्टरने, रुवीच्या दवाखान्यात.
सत्त्याण्णव.
"मुकादम अंकल, तुम्ही एकसष्ट,
पण गुडघे सत्तरीचे."
भात अर्धा, म्हणाली. करक चहा बिनसाखरेचा.
आणि चालायचं.

चालायचं कुठे?
जुलैत पहाटे पाचलाही रुवीचे डोंगर
रात्री विझवलेल्या तव्यासारखे,
हात लावून बघावा तर अजून गरम.

म्हणून मॉल.
शटरं खाली, सरकते जिने थांबलेले,
पुतळ्यांना अजून कपडे घालायचेत,
आणि आम्ही सात-आठ म्हातारे
थंडगार फरशीवर गोल गोल
जणू कुणाचं काहीतरी हरवलंय.
चपलांच्या दुकानापासून अत्तराच्या दुकानापर्यंत
चारशे वीस पावलं.
पहिल्या आठवड्यात अत्तर गाठलंच नाही.
पोलिसातून रिटायर झालेला खलफान
काठी टेकत मागून यायचा, पुढे जायचा,
आणि वळणावर माझ्यासाठी थांबून
उगाच घड्याळ बघायचा.

चालणं सोपं होतं.
कठीण होतं ताट.

शुक्रवारची बिर्याणी, सहाजण, एक परात.
एका परातीत जेवणाऱ्याला
आपण किती खाल्लं ते कळत नाही,
आणि खरं तर तेच तिचं सुख.
आपली नळी दुसऱ्याच्या बाजूला सरकवायची,
त्याने ती परत ढकलायची.
त्यातून उठून मी वेगळी बशी घेतली.
कुणी काही बोललं नाही.
न बोलण्याचा आवाज
दोन शुक्रवार खोलीत होता.
तिसऱ्या शुक्रवारी अस्लमने
माझ्या बशीत काकडी चिरून ठेवली,
लिंबू पिळून,
बिया काढून.

हर्णैहून फोनवर हमिदा:
"गाल कुठे गेले तुमचे?
कंपनी बुडाली का?"
गावात गल्फवाल्याचं पोट म्हणजे पावती.
सुकून आलेल्याला
लोक उधार द्यायलाही घाबरतात.
मी म्हटलं, मीच देतोय सोडून, कोणी घेत नाहीये.
ती हसली नाही.
मग हळूच म्हणाली,
जिना चढताना मलाही हल्ली बसावं लागतं.

रमजानात दोन किलो परत आले.
भजी. दुसरं कोण.
सिस्टर रागावली नाही,
नुसतं जुन्या आकड्याखाली नवा लिहिला,
माझ्यासमोर, सावकाश.

मशिदीत मागच्या रांगेला भिंतीलगत
प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, गुडघ्यांसाठी.
चार वर्षं डावीकडून दुसरी माझी.
ऑक्टोबरात एका फजरला
ती कुणा नव्या माणसाने घेतलेली.
मी उभा राहिलो तिथेच, आणि गेलो खाली.
कपाळाला गालिचा लागला.
गालिच्याला वास असतो,
हे विसरलो होतो.

आता नव्वदला एक कमी.
डिसेंबरात कायमचं परतायचं.
हमिदा म्हणते, येताना तो काटा घेऊन या.
सोनं नको म्हणाली नाही, पण काटा आधी.

काट्याचंच वजन दोन किलो.
खजुराचे दोन डबे काढले,
काटा कपड्यांत गुंडाळून ठेवला,
चेन ओढली,
आणि मग लक्षात आलं:
आता बॅग जोखायची कशावर?
अस्लम खाली बसलेला, आकडा वाचायला तयार.

उचलली हातानेच.
दारापर्यंत नेली, परत आणली,
दम लागला नाही.
असेल तीस, म्हटलं.
साबणाची एक वडी तरी खिशात घाल.