आवक-जावक

कायतानचा भाचा बोटीवरून सुटीवर आला
तेव्हा कागदी पिशवीत पंधरा कंद होते,
मातकट, सालपटं सुटलेले,
रंगाची चिठ्ठी घामानं पुसलेली.
"ट्यूलिप," तो म्हणाला. "यांना हिवाळा लागतो."
मालीमच्या जेटीवर आम्ही हसलो.
हिवाळा म्हणजे इथं
पहाटे चारला खलाशानं कानाला बांधलेला टॉवेल,
आठ वाजता तोच घाम पुसायला.

पण मी बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करते.
हिवाळा आम्ही लादीच्या भावानं विकतो.

बर्फाच्या खोलीत ठेवले असते तर गोठून मेले असते.
तिच्या आधी एक बोळ आहे, दोन दारांमधला,
श्वास दिसतो पण बोटं चालतात.
तिथं, रबरी बुटांच्या फळीवर, पिशवी.
रजिस्टरात लिहिलं: आवक, कंद पंधरा.
मालकांनी विचारलं नाही.
मालक फक्त बेरीज बघतात.

दहा आठवड्यांनी थर्माकोलच्या मासळीपेट्या धुतल्या,
तीनदा, तरी वास राहिलाच.
तळाला खिळ्यानं भोकं.
रेती, काथ्याचा भुसा, शेणखत,
कंद टोक वर करून, अंगाला अंग न लावता.
रात्री मातीवर मूठभर बर्फाचा चुरा.
तेवढ्यासाठी कायतान पाळी संपल्यावर
गच्चीचा जिना चढायचा, गुडघा धरून.

जानेवारीत चौदांना पानं आली.
कळ्या मात्र कागदासारख्या, आतच वाळलेल्या.
पुस्तकात शोधलं:
शेजारी फळ पिकत असेल तर कंदातलं फूल
डोळे उघडायच्या आधीच आंधळं होतं.

विचारलं. कायतान गप्प.
मग म्हणाला, मंडोळी केळ्यांचा घड
त्याच बोळात टांगला होता मी, आठ दिवस.
फिलोमिना यायची होती ना लिस्बनहून, फेस्ताला.
तिला तीच केळी लागतात.
मी "मग?" म्हणाले नाही.
घड मांडवीत टाकला, त्यानं आपणहून सांगितलं,
ओहोटी होती, बराच वेळ दिसत राहिला.

पंधरावा उशिरा आला, फेब्रुवारीत,
वीतभरसुद्धा देठ नाही, पानांतच बसलेला.
फूल लाल निघालं,
सुरमईचा कल्ला उचलल्यावर आत दिसतं तसलं.
साडेअकराच्या उन्हात पाकळ्या पार उताण्या.
कायताननं दोन बोटांनी एक वर केली,
बाजारात गिऱ्हाईक करतं तशी, वाकून बघितलं.
"ताजें आसा," म्हणाला,
आणि खाली भोंगा वाजला म्हणून गेला.

तीन दिवस टिकलं.
चौथ्या दिवशी जावकच्या खान्यात
मी एक लिहिला, मग खोडला.
कंद अजून पेटीतच होता, सुकून लसणीएवढा.
जेटीला मालवणची बोट लागली होती,
चाळीस लाद्या हव्या होत्या, लगेच.