टिचकी

तीन कुंड्या, प्रत्येकी साडेतीन फूट उंच,
रंग ओल्या सिमेंटचा, पण सिमेंट नव्हे.
बाबालालनं एकट्यानं एक उतरवली टेम्पोतनं,
काखेत मारली बारक्या पोरासारखी
आणि ताराबाई पार्कातल्या बंगल्याचा जिना चढला.
मागनं मी, मोकळ्या हातानं.

मोकळ्या हातांची सवय नाही मला.
बापट कॅम्पात जन्म गेला चाकावर.
एवढ्या मापाचा रांजण असता
तर चार गडी, दोन वासे, गवताची चुंबळ,
आणि दर गतिरोधकाला एक शिवी.

ही अवधूतची कुंडी. माझ्या पोराची.
गणपतीच्या साच्यांवर हात बसला त्याचा,
आता शिरोलीत भाड्याच्या शेडमध्ये
फायबर अंथरतो, रेझिन फासतो, घासतो, फवारतो.
'प्लँटर म्हणायचं, आप्पा.
कुंडी म्हटलं की लोक दीडशे काढतात.'

गच्चीवर मिणचेकर बाईंनी खडूनं जागा आखलेल्या:
एक झोपाळ्यामागं, दोन कठड्याशी,
शेजारच्यांची काळी टाकी झाकायला.
मी सवयीनं काठावर टिचकी मारली.

भाजलेलं मडकं लगेच सांगतं.
धड असेल तर खणकन,
तडा असेल तर बद्द.
हिनं काहीच सांगितलं नाही.
परत मारली.
दार वाजवावं, आत माणसं असावीत,
आणि कुणी ओ देऊ नये, तसं.

'फुटणार नाही ना हो?' बाई म्हणाल्या.
'नाही,' म्हणालो.
चाळीस वर्षांत हा शब्द कुठल्या गिऱ्हाइकाला दिला नव्हता.
फुटण्यावरच तर चूल पेटली आमची.
दर उन्हाळ्यात तीच माणसं, तेच हसणं,
'मामा, फुटला बघा.'

बुडाला भोक पाडायचं.
ओल्या मातीत अंगठा घातला की झालं, एवढंच ठाऊक मला.
अवधूतनं ड्रिल लावलं.
पांढरी भुकटी उडाली, माझ्या मिशीवर बसली.

मग नर्सरीचा पोरगा म्हणाला,
'खाली खापऱ्या लागतील, पाणी निथळायला.
आहेत का कुठं?'

आहेत का!

पोतं टेम्पोतच होतं.
अवधूतनं मला न सांगता भरलेलं,
आणि आता तो माझ्याकडं बघत नव्हता.
न खपलेले माठ, पणत्यांचा चुरा,
त्यात एका रांजणाचा गळा,
त्यावर त्याच्या आईनं काढलेली गेरूची वेल,
तीन पानं शिल्लक.
तो तुकडा मी स्वतः ठेवला, मधल्या कुंडीत,
वेल वर करून.
कुणाला दिसणार होती?
तरी वर करून.

त्यावर कोकोपीट, माती, शेणखत,
त्यावर पुण्याहून आलेलं ऑलिव्हचं झाड,
पानं चांदीच्या वर्खासारखी.
कोल्हापूरचा श्रावण त्याला झेपेल का
हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सगळी चहाला आत गेली.
पहिली बादली मी ओतली,
गुडघ्यावर बसलो, कान लावला थंड अंगाला.
खाली पोचायला पाण्याला बराच वेळ लागला.
मग आतनं, खूप आतनं,
चुर्र...
कोरडं खापर पाणी पितं तो आवाज.
मी ओळखतो तो.

भोकातनं तांबडं पाणी आलं जरासं,
बाईंच्या पांढऱ्या फरशीवर रेघ धरून निघालं.
त्या फडकं घेऊन धावल्या.
'राहू दे, वहिनी,' म्हणालो,
'दोन दिवस येईल तसं.
मग येतं स्वच्छ.'