एक इंचाचं भिंग

हस्ताचा पाऊस थांबून चार दिवस झाले होते.
नान्नजच्या अलीकडे माळ जिथं बशीसारखा खोल होतो
तिथं अजून घोटा बुडेल इतकं पाणी,
पाण्यात गवत,
गवतात ते.

उंची : वितीपेक्षा कमी.
देठ : शिवणाच्या दोऱ्याएवढा.
रंग :
इथं मी अडले.
जांभळा लिहिलं, खोडलं,
निळसर लिहिलं, तेही खोडलं.
नायना म्हणाले, ‘तिसऱ्या धुण्यात विटलेला निळा, असं लिही की.’
चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस
रंगाला एका शब्दात सोडत नाही.

पुस्तकात प्रत्येक वळणावर दोनच वाटा.
पानं समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर.
पाकळ्या सुट्या की जुळून ओठ झालेले?
ओठ. खालचा मोठा, रुसलेला.
पुंकेसर दोन की चार?
चार, मी म्हणाले,
आणि चारच्या वाटेनं गेले तर पुढं काहीच जुळेना.
एकाला लव हवी, याला नाही.
एकाची पानं दातेरी, याची कड सरळ.
ब्राह्मी म्हणावी तर ती चिखलात सरपटते,
हे पाण्यात ताठ उभं,
हजेरीत नाव पुकारल्यासारखं.
तीनदा मागं आले.
तीनदा त्याच चारपाशी.

नायनांनी खिशातून भिंग काढलं.
पितळी, घडीचं, तळाला एक इंचाची चौकट,
इंचभर कापडात सूत किती ते मोजायचं.
मिल बंद पडली, मग पॉवरलूम, मग तोही सुटला,
भिंग खिशात राहिलं,
काहींच्या खिशात तंबाखूची डबी राहते तसं.
पँट न दुमडताच ते गुडघ्यांवर बसले पाण्यात.
टिटवी डोक्यावरून ओरडत दोन चकरा मारून गेली.
त्यांना ऐकूच आलं नाही,
मागांच्या खडखडाटात कान केव्हाच गेलेत.

‘चार कुठं गं?
दोन कांड्या भरलेल्या, दोन रिकाम्या.
रिकामी कांडी धोट्यात घालून काय विणणार हाय?’

मी पाहिलं.
दोन डोक्यांवर पिवळी पूड,
दोन नुसते खुंट.

दोनच्या वाटेनं दोन वळणं,
आणि नाव आलं. लांबलचक लॅटिन,
वहीच्या ओळीत मावेना.
नायनांनी ते दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा तेलुगू वाटलं.
‘आणि मराठीत?’
पुस्तकात तिथं एक आडवी रेघ होती.
मला वाटलं, आता हे काहीतरी नाव ठेवतील.
ठेवलं नाही.

एकच फूल घेतलं होतं, रुमालावर.
लुना स्टँडवरून काढेपर्यंत
पाकळ्यांची नळी गळून वाऱ्यानं गेली.
नायना भिंग रुमालावर टेकवून अजून वाकलेलेच.
‘काय दिसतंय आता?’
‘बावन्न,’ ते म्हणाले.
‘साठ सांगून विकलाय तुला.’